हिरा आणि व्हाइट गोल्डचे दागिने घरी साफ करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दागिने दुरुस्तीच्या कामामुळे हे प्रश्न माझ्याकडे येतच राहतात. काही दर आठवड्याला येतात, काही वर्षातून एकदाच, पण घाबऱ्या आवाजात. सोप्यापासून अवघडाकडे असा क्रम लावलाय. घाईत असाल तर प्रश्न ३ आणि ९ तेवढे वाचा. दागिन्यात हिऱ्याशिवाय दुसरा कुठलाही खडा असेल, तर पाण्यात घालण्याआधी प्रश्न १४ वाचाच.

१. हिऱ्याची अंगठी घरी धुतलेली चालते का, की दर वेळी सोनाराकडेच न्यायची?

चालते. कोमट पाणी, भांडी घासायचा सौम्य लिक्विड साबण आणि मऊ ब्रश, एवढ्यानं साध्या हिऱ्याला आणि व्हाइट गोल्डला काही होत नाही. सोनाराकडे जायचं ते खडे घट्ट आहेत का हे तपासायला (प्रश्न २०), रोडियम, म्हणजे व्हाइट गोल्डवरचा पांढऱ्या धातूचा मुलामा, पुन्हा चढवून घ्यायला (प्रश्न १०), नाहीतर दागिना नेमका कशाचा आहे याचीच शंका असेल तेव्हा.

२. अंगठी रोज हातात असते, दिवसातून दहा वेळा हात धुते, तरी हिरा मंद का दिसतो?

कारण त्यावरचा मळ धुळीचा नसतो, चिकटाईचा असतो. हिऱ्यावर पाणी पसरत नाही, पण तेलकट पदार्थ लगेच धरतो. १९व्या शतकाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीच्या खाणींत याच स्वभावाचा उपयोग करून घेतला गेला. वंगण फासलेल्या उतरत्या टेबलावरून खडी पाण्याबरोबर सोडायची. बाकीचे दगड वाहून जायचे आणि हिरे वंगणाला चिकटून राहायचे. तुमच्या बोटावर वंगणाचं काम क्रीम, सनस्क्रीन आणि त्वचेचं तेल करतं.

आणि ते साचतं मागच्या बाजूला. अंगठी उलटी करून दहापट भिंगाखाली धरा. हिऱ्याचं टोक जिथे धातूच्या वाटीत उतरतं, तिथे करडा-पांढरा लगदा बसलेला दिसेल, बहुतेक वेळा एखादा कपड्याचा धागाही त्यात रुतलेला असतो. आता हिऱ्याची चमक म्हणजे वरून आत गेलेला प्रकाश खालच्या पैलूंवर आपटून पुन्हा वर येणं. हिऱ्याचा अपवर्तनांक, म्हणजे तो प्रकाश किती वाकवतो याचं माप, २.४२. पाठीमागे नुसती हवा असेल, तर पैलूवर लंबापासून साधारण २४ अंशांहून जास्त तिरपा आलेला किरण बाहेर सुटत नाही, उलटा फिरतो. पाठीमागे तेलाचा थर बसला की ही मर्यादा ३७ अंशांच्या आसपास जाते. आधी परत फिरणारे कितीतरी किरण मग त्या थरातून निसटतात. म्हणून वरून कितीही पुसा, फरक पडत नाही. हात धुताना साबण वरच्या पैलूंना लागतो, पाठीपर्यंत पोचतच नाही. उलट त्याचा थोडा अंश त्या लगद्यात जाऊन बसतो.

३. मग नेमकं करायचं कसं?

दोन वाट्या घ्या. बेसिनमध्ये, वाहत्या नळाखाली हे काम करू नका (का ते प्रश्न २४ मध्ये आहे). टेबलावर टॉवेल पसरा, म्हणजे हातातून सुटलं तरी दागिना टॉवेलवर पडेल.

आधी पाहणी. अंगठी कानाजवळ धरून दुसऱ्या हाताच्या बोटानं हलकेच टिचक्या मारा. किणकिण किंवा खुळखुळ असा बारीक आवाज आला, तर एखादा खडा सैल आहे. धुवायचं तिथेच थांबवा.

आवाज नसेल तर पहिल्या वाटीत सुमारे ४० अंश सेल्सियसचं पाणी घ्या, म्हणजे हाताला सुखकारक गरम. त्यात लिक्विड साबणाचे दोन-तीन थेंब. अंगठी वीस ते तीस मिनिटं बुडवून ठेवा. महिनोन्महिने धुतलीच नसेल तर तासभर राहू द्या, मध्ये पाणी गार झालं की बदला. या भिजण्यात घाई करू नका. अर्धं काम तेच करतं, ब्रश फक्त सुटलेला मळ बाहेर काढतो.

मग लहान मुलांचा, अगदी मऊ केसांचा नवा टूथब्रश घ्या. नवाच, कारण वापरलेल्या ब्रशात पेस्टचे कण अडकलेले असतात. अंगठी उलटी धरा आणि हिऱ्याच्या पाठीमागच्या जाळीतून ब्रशची टोकं आत सोडून टोचल्यासारखं करा. वरून एक-दोनदा हलका हात पुरे. धातू घासायचा नाही, त्याला साबणाचं पाणी लागलं तेवढं बस. पहिल्या वेळेला पाणी दुधाळ होतं. ते पाहून बरं वाटतं, हे खरंय.

दुसऱ्या वाटीतल्या स्वच्छ कोमट पाण्यात दोनदा बुडवून काढा. साबण मागे राहिला तर तोच नवा थर होतो. धागे न सोडणाऱ्या मऊ कापडावर टिपून घ्या आणि मागच्या बाजूनं हवा लागेल अशी ठेवा. चांदणीसारखा चमकायला हवा असेल, तर वाळण्याआधी अंगठी पाच सेकंद आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवा: उरलासुरला तेलाचा पापुद्रा जातो आणि पाण्याचे डाग पडत नाहीत. ही शेवटची पायरी फक्त हिरा आणि धातू एवढंच असलेल्या दागिन्यांसाठी. त्यानंतर हिऱ्यावर बोट टेकवू नका. अंगठी कडेनं धरा, नाहीतर सगळी मेहनत एका ठशात वाया.

४. किती दिवसांनी धुवायची?

रोज वापरातली अंगठी आठ-पंधरा दिवसांनी. कानातले महिन्यातून एकदा. गळ्यातलं वाटेल तेव्हा. वरच्या पद्धतीनं आठवड्याला धुतलं तरी नुकसान नाही. नुकसान होतं ते सहा महिने विसरून मग एकदम जोर लावणाऱ्यांचं.

५. साबण कोणता? हँडवॉश किंवा शॅम्पू चालेल का?

भांड्यांचा साधा लिक्विड सर्वांत बरा, कारण तो चिकटाई सोडवण्यासाठीच बनवलेला असतो. हँडवॉश आणि शॅम्पूत त्वचा-केस मऊ ठेवणारे पदार्थ घातलेले असतात, म्हणजे एक थर काढून दुसरा लावल्यासारखं. अंगाच्या साबणाची वडी जड पाण्यात फेस कमी आणि पांढरा साका जास्त करते. चुरा किंवा पावडरच्या रूपातलं भांड्यांचं साधन नको, त्यात घासणारे कण असतात. डिशवॉशरच्या गोळ्यांना तर हातही लावू नका: त्या फार अल्कधर्मी असतात आणि बऱ्याच गोळ्यांत ब्लीच असतं.

६. टूथपेस्टनं अंगठी एकदम लखलखते असं सगळे सांगतात. खरं काय?

लखलखते, दोन दिवस. मग जे दिसतं ते परत भरून येत नाही. टूथपेस्टमध्ये सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात. हिऱ्याला त्यांचं काही नाही, काठिण्याच्या १ ते १० अशा मोज पट्टीवर तो सर्वांत वर, १० वर आहे. पण व्हाइट गोल्ड ३ ते ४ च्या आसपास, आणि त्याच्यावरचा रोडियमचा थर बहुतेक वेळा एका मायक्रॉनहूनही पातळ. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा.

मी स्वतः हे केलंय. या कामात पडण्याच्या कितीतरी आधी घरातली एक अंगठी मी टूथपेस्टनं मन लावून घासली, चार रविवार. पाचव्या रविवारी खिडकीपाशी उजेडात धरली, तर मधल्या हिऱ्याभोवती पांढरी आणि दोन्ही खांद्यांवर पिवळसर. ब्रश जिथे जिथे नीट पोचला होता, तिथे तिथे मुलामा गेला होता. घरात बराच काळ कुणी काही बोललं नाही, हे जास्त लागलं.

खायचा सोडा टूथपेस्टपेक्षा मऊ, पण चोळायची पेस्ट म्हणून तोही नकोच. ‘पॉलिशिंग कापड’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच कापडांत घासणारी पूड भरलेली असते. ती पिवळ्या सोन्यासाठी ठीक, रोडियमसाठी नाही.

७. लिंबू, व्हिनेगर किंवा अॅल्युमिनियम फॉइल आणि सोड्याचा उपाय?

फॉइलचा उपाय खरा आहे, पण चांदीसाठी. चांदी काळी पडते ती सिल्व्हर सल्फाइडमुळे, आणि गरम सोड्याच्या पाण्यात अॅल्युमिनियम त्यातलं गंधक स्वतःकडे ओढून घेतं. व्हाइट गोल्डवरचा मळ हा सल्फाइड नसून तेल असतं, त्यामुळे ही सगळी खटपट करून हाती काही लागत नाही. लिंबू-व्हिनेगर आम्ल आहेत. आम्ल तेल काढत नाही. शिवाय दागिन्यात काच भरलेलं माणिक किंवा मोती असेल तर त्याचा निकाल लागतो.

८. अमोनियाचं पाणी वापरू का?

फक्त हिरा आणि सोनं असेल, आणि साबणानं चिकटा जातच नसेल, तर कधीमधी चालतं: एक भाग घरगुती अमोनिया, सहा भाग पाणी, दहा-पंधरा मिनिटं, खिडकी उघडी ठेवून. पुढचं सगळं प्रश्न ३ प्रमाणे. माझ्या मते शंभरातल्या नव्वद जणांना त्याची गरज नसते, त्यांना साबणाच्या पाण्यात अजून अर्धा तास थांबण्याची गरज असते. आणि एक गोष्ट दागिन्यापेक्षा महत्त्वाची: ज्या वाटीत किंवा बेसिनमध्ये ब्लीच वापरलंय, तिथे अमोनिया ओतू नका. दोन्ही मिसळले की क्लोरॅमाइन नावाचा विषारी वायू सुटतो आणि तो थेट श्वासाला लागतो.

९. पोहायला जाताना, फरशी पुसताना अंगठी काढायलाच हवी का? सोन्याला काही होत नाही ना?

काढायलाच हवी. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

शुद्ध सोन्याला फारसं काही होत नाही हे बरोबर. पण तुमची अंगठी शुद्ध सोन्याची नाही. १८ कॅरेटमध्ये ७५% सोनं असतं, १४ कॅरेटमध्ये साधारण ५८.५%. बाकीचं निकेल किंवा पॅलेडियम, सोबत तांबं, जस्त, कधी चांदी. क्लोरीन या बाकीच्या धातूंवर हल्ला करतं, आणि तोही सगळीकडे सारखा करत नाही. जिथे धातू वाकवून ताणलेला आहे तिथे आधी. हिऱ्याच्या अंगठीत अशी जागा म्हणजे हिऱ्याला धरणाऱ्या नख्या, कारण खडा बसवताना त्या दाबून वाकवलेल्या असतात. आतल्या आत केसासारख्या चिरा जातात, वरून अंगठी ठणठणीत दिसते, आणि एके दिवशी स्वेटरमध्ये अडकून नखी कटकन तुटते. वाकत नाही, तुटते. तुटलेला भाग भिंगाखाली खडबडीत, कणीदार दिसतो. निकेल मिसळलेलं व्हाइट गोल्ड यात सर्वांत नाजूक.

पोहण्याचा तलाव, गरम पाण्याचा टब (उष्णतेनं हे सगळं वेगानं होतं), ब्लीच घातलेलं फरशीचं पाणी, बाथरूम स्वच्छ करायची द्रव्यं: सगळीकडे क्लोरीन. चुकून एकदा बुडाली तर घाबरू नका, साध्या पाण्यानं भरपूर धुवा आणि साबणाची अंघोळ घाला. धोका आहे तो रोजच्या सवयीत. समुद्रात क्लोरीनचा प्रश्न नाही, पण गार पाण्यात बोटं आकसतात आणि अंगठी निघून जाते. तिथेही ती काढूनच जा.

१०. दोन वर्षांत अंगठी पिवळट झाली. मळ आहे का? कशानं जाईल?

मळ नाही, आणि घासून जाणार नाही. घासाल तेवढी पिवळी होईल.

सोनं मुळात पिवळं. निकेल किंवा पॅलेडियम मिसळून त्याचा रंग फिका करता येतो, पण बऱ्याच मिश्रणांत हलकी पिवळसर किंवा करडी झाक उरतेच. ती झाकायला वरून रोडियम चढवतात. हा प्लॅटिनमच्या कुळातला धातू १८०४ मध्ये विल्यम हाइड वोलास्टन यांनी शोधला. आरशासारखा पांढरा, काळा न पडणारा. दुकानात जी पांढरी अंगठी बघून आवडते, तो रंग या सालीचा असतो.

ओळखायची खूण: तळहाताच्या बाजूला अंगठी पिवळट आणि हिऱ्याजवळ पांढरी असेल, तर साल झिजलीय. तो भाग दिवसभर दारांच्या मुठींना, हँडलला, टेबलाला घासतो. रोजच्या अंगठीला एक-दोन वर्षांत पुन्हा मुलामा लागणं साहजिक आहे. कानातल्यांना कितीतरी वर्षं लागत नाही. सोनार याला रोडियम पॉलिश म्हणतात. त्यात आधी अंगठी घासून गुळगुळीत करतात, म्हणजे दर वेळी थोडा धातू कमी होतो. म्हणून जरा पिवळट दिसली की लगेच नेऊ नका. नुसत्या साबणाच्या पाण्यानं मात्र रोडियम जात नाही, या भीतीनं धुणं थांबवू नका.

११. माझी अंगठी व्हाइट गोल्डची की प्लॅटिनमची, हे कसं ओळखू?

आतल्या बाजूचा शिक्का भिंगातून बघा. ७५० म्हणजे १८ कॅरेट सोनं, ५८५ म्हणजे १४ कॅरेट. ९५० आणि त्याबरोबर प्लॅटिनमची खूण असेल तर प्लॅटिनम. हातात घेतल्यावर प्लॅटिनम ठळकपणे जड लागतं. ते झिजलं तरी पिवळं पडत नाही, करड्या झाकेचं मंद होतं. धुण्याची पद्धत दोन्हींची एकच.

१२. घरगुती अल्ट्रासॉनिक मशीन घ्यावं का?

मशीन चांगलं काम करतं, हे आधी सांगतो. साधारण ४० किलोहर्ट्झच्या कंपनांनी पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि फुटतात, आणि ब्रश पोचणार नाही तिथला मळ ते उडवतात. अडचण अशी की मळ आणि सैल खडा यांतला फरक त्यांना कळत नाही. जुन्या अंगठीत कधी कधी तो लगदाच खड्याला धरून बसलेला असतो. शेजारी शेजारी टेकलेले हिरे कंपनात एकमेकांच्या कडांचे टवके काढू शकतात. आणि पेटीत दोन दागिने एकत्र टाकले तर ते एकमेकांवर घासतात.

मोठा एकच हिरा, मजबूत नख्या, प्रक्रिया न केलेला, आतून मोठी चीर नसलेला: वापरा, एका वेळी एकच दागिना, एक-दोन मिनिटं. बाकीच्यांनी नको. बारीक हिऱ्यांच्या दागिन्यांसाठी प्रश्न १८, प्रक्रिया केलेल्या हिऱ्यांसाठी १६.

१३. उकळत्या पाण्यात टाकली तर मळ लवकर सुटेल ना?

सुटेल. हिरा स्वतः ते सहन करतो, पण आत चीर असेल तर गरम-गार अशा अचानक बदलानं ती वाढू शकते, आणि शेजारच्या खड्याचं किंवा कुठे गोंद वापरला असेल तर त्याचं काय होईल याची खात्री नाही. उकळत्यातून काढून थेट गार पाण्यात टाकणं ही सर्वांत वाईट युक्ती. ४० अंशांचं पाणी आणि अर्धा तास वेळ, यात सगळं होतं.

१४. हिऱ्याबरोबर पाचू, मोती, ओपल असेल तर?

तर दागिना हिऱ्याचा समजू नका, त्यातल्या सर्वांत नाजूक खड्याचा समजा.

बहुतेक पाचूंच्या चिरांत तेल किंवा राळ भरलेली असते. गरम पाणी, अल्कोहोल आणि मशीन यांनी ती बाहेर पडते आणि आतापर्यंत न दिसलेल्या रेषा एकाएकी दिसू लागतात. मोती कॅल्शियम कार्बोनेटचा, आम्ल त्याला खातं आणि भिजवलं की माळेचा रेशमी दोरा सैल पडतो. ओपलमध्ये साधारण ६ ते १०% पाणी असतं, उष्णतेनं तो तडकू शकतो. फिरोजा सच्छिद्र, साबण-तेल शोषून रंग बदलतो. टँझानाइटला अचानक तापमान बदललेलं खपत नाही. या सगळ्यांसाठी ओलसर मऊ कापडानं पुसणं आणि लगेच कोरडं करणं, एवढंच. हिऱ्यांच्या मागे ब्रश न्यायचा तर ओल नाजूक खड्यापर्यंत पोचू न देता.

नीलम आणि माणिक कठीण असतात, काठिण्य ९, आणि साबणाचं कोमट पाणी त्यांना चालतं. अपवाद काच भरलेल्या माणकांचा: लिंबाचा रससुद्धा त्यातली काच खातो.

१५. लॅबमध्ये तयार केलेला हिरा किंवा मॉयसानाइट असेल तर वेगळं काही?

लॅबमधला हिरा हा हिराच, कार्बनचा तोच स्फटिक. तेलाची ओढ तीच, धुणं तेच. मॉयसानाइट हा हिऱ्यासारखा दिसणारा वेगळा खडा. त्याचं काठिण्य ९.२५, त्यालाही प्रश्न ३ ची पद्धत चालते. क्यूबिक झिर्कोनिया हा हिऱ्याची नक्कल करणारा खडा ८ च्या थोडं वर असल्यामुळे त्याला कालांतरानं ओरखडे येतात. ते मळ नसल्यामुळे धुऊन जात नाहीत.

१६. हिऱ्यावर प्रक्रिया केली आहे का, हे कसं कळेल आणि फरक काय पडतो?

फरक मोठा पडतो. काही हिऱ्यांच्या चिरांत काचेसारखा पदार्थ भरून त्या दिसेनाशा करतात. मशीन, आम्ल, अमोनिया आणि सोनाराची आगीची ज्योत यांनी तो भरावा खराब होतो. असा हिरा भिंगाखाली हळूहळू फिरवला की चिरेच्या जागी निळी-जांभळी किंवा पिवळी-नारिंगी झलक येते आणि जाते. खरेदीच्या कागदावर ‘फ्रॅक्चर फिल्ड’ किंवा ‘क्लॅरिटी एन्हान्स्ड’ असे शब्द शोधा. जीआयए (हिरे तपासून त्यांची प्रत ठरवणारी अमेरिकी संस्था) अशा हिऱ्यांना ग्रेडिंग रिपोर्ट देत नाही, तेव्हा त्यांचा रिपोर्ट असेल तर या बाबतीत निर्धास्त राहा. भरलेल्या हिऱ्यासाठी नुसतं साबणाचं कोमट पाणी.

दुसरा प्रकार रंगाचा लेप दिलेल्या हिऱ्यांचा. लेप बहुधा पाठीच्या पैलूंवर असतो, म्हणजे ‘मागून ब्रश करा’ हा माझा लाडका सल्ला इथे नेमका चुकीचा ठरतो. भिजवा, हलवा, काढा. ब्रश नको.

१७. आजीचा जुना दागिना आहे, हिऱ्यांची पाठ पूर्ण बंद आहे. कसा धुऊ?

धुऊ नका. जुन्या बंद कोंदणांत हिऱ्यामागे चमकीसाठी धातूचा पातळ वर्ख ठेवलेला असतो. पाणी एकदा आत गेलं की बाहेर येत नाही, वर्ख काळवंडतो, आणि हिरा मेल्यासारखा दिसतो. कोरड्या मऊ ब्रशनं धूळ झाडा, किंचित ओलसर कापडानं वरून पुसा. आतून मळ असेल तर ते काम जुन्या घडणीचा सराव असलेल्या कारागिराचं.

१८. पूर्ण अंगठीभर अगदी बारीक हिरे आहेत. ब्रशनं पडतील का?

मऊ ब्रशनं घट्ट हिरा पडत नाही. पडतो तो आधीच सैल झालेला. पण या दागिन्यांत प्रत्येक हिऱ्याला धरणारे धातूचे कण टाचणीच्या टोकाएवढे असतात, म्हणून भिजवण्यावर भर द्या आणि ब्रश एकाच दिशेनं, पंखासारखा फिरवा. धुतल्यावर वाटीतलं पाणी ओतण्याआधी ते बारीक कापडातून गाळा. दर वेळी. एक दिवस कापडावर साखरेच्या दाण्याएवढा चमकता कण दिसेल आणि या दोन मिनिटांचं चीज होईल.

१९. कानातल्यांच्या मागे काळा-हिरवट मळ येतो, वासही येतो.

त्वचेच्या मृत पेशी, तेल, शॅम्पू, केसांचा स्प्रे यांचं मिश्रण ते. कानातली दांडी आणि फिरकी वेगळी करा, दोन्ही प्रश्न ३ प्रमाणे भिजवा. फिरकीच्या भोकात ब्रश जात नाही, तिथे दोऱ्याचा तुकडा साबणात भिजवून आरपार ओढा. मग अल्कोहोलनं पुसा. फिरक्या धुताना डावी-उजवी मिसळू देऊ नका: आट्यांची प्रत्येक जोडी एकमेकींना सरावलेली असते, अदलाबदलीनं सैल बसते.

२०. धुतल्यापासून हिरा हलतोय. धुण्यामुळे झालं का?

हिरा आधीपासूनच सैल होता, लगद्यानं तो दाबून धरला होता. धुतल्यामुळे कळलं एवढंच, आणि वेळेवर कळलं. घालू नका. छोट्या डबीत कापूस घालून ठेवा आणि सोनाराकडे न्या. नख्या स्वतः चिमट्यानं दाबण्याचा मोह टाळा. हिरा कठीण आहे, चिवट नाही. ठरावीक चार दिशांनी तो दुभंगू शकतो, आणि कडेवर पडलेला दाब नेमका तेच करतो. घरी एक चाचणी करता येते: पातळ मोज्यावरून अंगठी हलकेच फिरवा, धागा अडकला तर एखादी नखी उचललेली आहे.

२१. अंगठीखाली त्वचा लाल होते, खाज येते. धुतल्यावर कमी होईल?

बऱ्याचदा होते. अंगठीखाली साबण आणि ओल अडकून त्वचा सोलवटते. अंगठी नीट धुवा, हात पूर्ण कोरडे करून घाला, आठवडाभर पाहा. तरीही राहिलं तर निकेलची अॅलर्जी असू शकते, विशेषतः रोडियम झिजल्यावर हे सुरू झालं असेल तर. युरोपीय संघानं त्वचेला लागणाऱ्या दागिन्यांतून आठवड्याला दर चौरस सेंटीमीटर ०.५ मायक्रोग्रॅम निकेल सुटण्याची मर्यादा घातली आहे, कान टोचून घालायच्या दांड्यांसाठी तर ०.२. नवा रोडियम थर तात्पुरता उपाय आहे. कायमचा उपाय पॅलेडियमचं व्हाइट गोल्ड किंवा प्लॅटिनम. निदान त्वचेच्या डॉक्टरांकडून करून घ्या.

२२. थर्मामीटर फुटला, पारा अंगठीला लागला आणि राखाडी डाग पडला. आता?

अंगठी काढून झाकण घट्ट बसणाऱ्या डबीत ठेवा. पारा सोन्यात मिसळून त्याचा लगदा बनवतो, म्हणून चोळाल तितका पसरेल. घरी तापवू मात्र अजिबात नका, पाऱ्याची वाफ विषारी असते. सोनाराला देताना ‘पारा लागलाय’ हे आधी सांगा, नाहीतर तो नेहमीसारखी ज्योत लावेल.

२३. सगळं केलं, तरी हिऱ्यात एक पांढरा ठिपका राहतोच.

दागिना फिरवून पाहा. ठिपका पृष्ठभागावर असेल तर टाचणीनं न खरवडता पुन्हा एक तास भिजवा. आत, खोलवर असेल तर तो हिऱ्याचाच जन्मखुणेसारखा भाग असतो आणि रिपोर्टवरच्या आकृतीत त्याची खूण सापडेल. कडेपाशी, आधी नसलेली पांढुरकी रेष दिसत असेल तर हिऱ्याला टवका गेलाय का हे दाखवून घ्या. एका ताईंनी मला तीन वेळा फोटो पाठवला होता. ठिपका शेवटी खोलीतल्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब निघाला.

२४. बेसिनमध्ये धुताना अंगठी नळीत गेली!

पाणी बंद. आता, वाचता वाचता. नळ जितका वेळ वाहील तितकी ती पुढे जाईल.

बेसिनच्या खाली नळीला वळण असतं, त्यात पाणी साठून राहतं आणि जड वस्तू तिथेच थांबते. खाली बादली ठेवा, वळणाच्या दोन्ही बाजूंच्या चकत्या हातानं फिरवून सैल करा, वळण सरळ खाली काढून बादलीत ओता. प्लॅस्टिकच्या नळ्यांना बहुधा पाना लागत नाही. वळणाऐवजी बाटलीसारखा भाग असेल तर त्याचं तळाचं झाकण फिरवून निघतं. मिळालेला चिखल बादलीतच बोटांनी चाचपा, बारीक हिरे असतील तर कापडातून गाळा. आणि बादलीतलं पाणी टाकायला त्याच बेसिनमध्ये ओतू नका. खाली नळी काढलेली असते. मला हे कसं माहीत, ते विचारू नका.